मित्राने दिलेला नंबर

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतला, म्हणजे जीआयडीसीतला, आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मला तिथे 19 वर्षं झाली होती. काम क्वालिटीचं, पंपाचे सुटे भाग तपासायचे. त्यानंतर रोज दोन-चार कंपन्यांच्या गेटवर बायोडेटा देऊन यायचो. वय 46 आहे हे कळलं की समोरचा "कळवतो" म्हणायचा आणि विषय संपायचा. शेवटी एका संध्याकाळी सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून दांडिया बाजारातल्या माझ्या शाळेपासूनच्या मित्राला म्हटलं, "माझ्यासाठी कुठे बघशील का रे?" एवढं एक वाक्य तोंडातून निघायला मला दोन महिने लागले होते. म्हणूनच पुढे त्याला उलट प्रश्न विचारायला जीभ वळली नाही. मागून घेतलेल्या मदतीची चौकशी कशी करायची, असंच वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "एक जण आहे, दहेजच्या कंपन्यांत माणसं लावतो. त्याला माझं नाव सांग." माझं नाव सांग म्हणाला, म्हणजे ओळख असणार, असं मी धरून चाललो. तो त्या माणसाला कधी भेटला आहे का, त्याच्याकडून कुणाला नोकरी लागलेली त्याने स्वतः पाहिली आहे का, हे दोन प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवे होते. नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने ते विचारावेत, मित्राला वाईट वाटलं तरी चालेल.

तो माणूस सयाजीगंजमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या केबिनमध्ये भेटला. टेबलावर फायलींचा ढीग, भिंतीवर कंपन्यांचे लोगो. दारावरची पाटी मात्र साध्या कागदावर छापून सेलोटेपने चिकटवलेली. मला पाहून म्हणाला, "या काका, आपलेच तुम्ही. मी इथल्या वाडी भागातला." दिवसभर बाहेर गुजराती आणि घरात मराठी अशी आमची पद्धत. अनोळखी माणूस मराठीत "काका" म्हणाला की मन तिथेच सैल होतं. माझंही झालं. तो खरंच वाडीतला होता की नाही, मला आजही माहीत नाही.

आधी फाइल चार्ज म्हणून 2,500 रुपये घेतले. मग नवीन पीएफ खातं उघडायचे 3,800. इथेच मी थांबायला हवं होतं. 19 वर्षं माझा पीएफ कापला जात होता. पीएफचा यूएएन नंबर एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि त्यासाठी कामगाराकडून कुणी पैसे घेत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "मोठ्या कंपनीची सिस्टीम वेगळी असते काका," आणि मी पैसे दिले. पुढे मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे 14,200 झाले. शेवटी 40,000 डिपॉझिट, पहिल्या पगारासोबत परत मिळणार म्हणून. हे 40,000 बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आणले. सगळे मिळून 60,500 रुपये गेले.

पैसे सगळे यूपीआयने. पाठवताना स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं. चारही वेळा वेगवेगळ्या व्यक्तींची नावं आली, कंपनीचं एकदाही नाही. मी ती वाचली होती. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं आहे."

40,000 पोचल्यावर ऑफर लेटर आलं. दहेजच्या एका मोठ्या केमिकल कंपनीचा लोगो, खाली सही-शिक्का, 1 तारखेला हजर व्हा. देवापुढे ठेवलं, आईच्या पाया पडलो. त्या पत्रात काय होतं ते मी नंतर नीट पाहिलं. लोगोच्या कडा अस्पष्ट होत्या, दुसरीकडून उचलून चिकटवल्यासारख्या. मेल आला होता तो जीमेलवरून. आणि पत्त्यात दहेजपुढे 390 ने सुरू होणारा पिन. 390 म्हणजे आपलं बडोदं. दहेज भरूच जिल्ह्यात आहे, तिथला पिन 392130.

1 तारखेला डबा घेऊन गेटवर गेलो. सिक्युरिटीवाल्याने पत्र हातात घेतलं, पूर्ण वाचलंही नाही. "भाई, आ महिनामां तमे त्रीजा." या महिन्यात आलेला मी तिसरा होतो. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. फोन लावला तर बंद. केबिनच्या मालकाने सांगितलं, महिन्याच्या भाड्याने दिली होती, सोडून गेला.

यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका. लाजेपोटी 11 दिवस घरी काही बोललो नाही. रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचो आणि कमाटी बागेत बसायचो. मग बायकोनेच विचारलं, आणि तिच्या सांगण्यावरून 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर पैसे त्या खात्यांतून पुढे गेले होते. लगेच कळवलं तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. एक तास गेला तरी फरक पडतो, मी 11 दिवस घालवले. पोलिसांत फसवणुकीची तक्रारही दिली आहे. ज्याला आपण चारसोबीस म्हणतो ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालं आहे. तपास चालू आहे.

मित्र घरी आला तेव्हा रडला. तो नंबर त्याला त्याच्या सोसायटीच्या ग्रुपमधून मिळाला होता. त्या माणसाला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. मला नाही म्हणणं त्याला जमेना, म्हणून जे हाताशी आलं ते त्याने पुढे केलं. मी त्याच्यावर चिडलो, दोन आठवडे बोललो नाही.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ऑफर लेटर आलं त्याच रात्री आनंदाच्या भरात मी तोच नंबर आमच्या कारखान्यातल्या एका पोराला पाठवला होता. वर लिहिलं होतं, "माझं नाव सांग." दहेजहून परत येताना बसमध्ये हे आठवलं आणि हातपाय गार पडले. बसमधूनच त्याला फोन लावला. त्याने 2,500 भरले होते, पुढचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणार होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून मी काही विचारलंच नाही."

त्याचे 2,500 मी गेल्या महिन्यात त्याच्या हातात दिले. आणि मित्राकडेही गेलो.