रेनॉक्स डीसीआर-२५०: गौताळ्यातल्या बुरशीसाठी कितपत कामाचं?

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य असो की किनवटचं सागाचं जंगल, आपल्याकडे बुरशी पाऊस लागून राहिला तरच दिसते. उघडीप पडली की सगळं वाळून जातं. एवढ्या छोट्या हंगामासाठी स्वतंत्र मॅक्रो लेन्स घेणं जिवावर येत असेल, तर ५५-२५० मिमी झूम लेन्सच्या पुढे बसणारं रेनॉक्सचं हे +८ डायऑप्टरचं (डायऑप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोज-अप भिंग घ्यावं.

५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सवर दोन्ही बाजूंचे चाप दाबून ते बसतं. एक्स्टेन्शन ट्यूबसाठी (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लेन्स काढावी लागते आणि भुरभुर पावसात सेन्सर उघडा पडतो. इथे ती भानगड नाही. प्रकाशही घटत नाही.

नवख्यांची तक्रार एकच, फोकस लागत नाही. लागणार कसा? मुख्य लेन्स अनंतावर असताना विषय भिंगापासून साधारण साडेबारा सेंमीवरच हवा. झूम फिरवला तरी ते अंतर बदलत नाही, फक्त आकार बदलतो: १२५ मिमीला एकास एक, म्हणजे सेन्सरवर विषय खऱ्या आकाराचा, २५० ला दुप्पट. ऑटोफोकस बंद करून कॅमेराच पुढेमागे सरकवा. झूम फार मागे घेतला तर कोपरे काळे पडतात.

कुजक्या ओंडक्यावरची शिझोफायलम ही पंख्यासारखी बुरशी बघा. १०० मिमीला लहानसा पंखा अख्खा मावतो. २५० ला खालच्या पात्यांची उभी दुभंगलेली कड दिसते. ही बुरशी वाळली की पात्या आत वळवून घेते, म्हणून सर येऊन गेल्यावरच टिपावी. एफ/८ ला स्पष्ट पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे स्टॅकिंगला, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या फ्रेम सॉफ्टवेअरने एकत्र करण्याला, पर्याय नाही. पंधरा-वीस फ्रेम, मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स ठरलेला, दोन सेकंदांचा टायमर. वारा सुटला तर थांबा, हललेल्या फ्रेम सॉफ्टवेअर जुळवत नाही.

पालापाचोळ्यात ट्रायपॉड खाली जात नाही. कॅमेरा टेकवायला ज्वारी भरलेली पिशवी बरी, पण ज्वारी आधी प्लास्टिकमध्ये बांधा, भिजली की फुगते. टॉर्चपुढे बटर पेपर धरा, नाहीतर ओल्या टोपीवर पांढरे डाग उमटतात. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका, काचेवर वाफ धरते.

वारुळावरच्या मोठ्या अळंबीसाठी मात्र हे भिंग काढून ठेवा. तिथे नुसता झूमच बरा.