फोंड्यातल्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत गोल्ड एसएमपीएस: बिल किती उतरलं, आणि तरी मी तो का घेतला

गेल्या वर्षीच्या चवथीच्या आधी मी कॉम्प्युटरला कॉर्सेअर कंपनीचा आरएम650ई हा 650 वॅटचा गोल्ड एसएमपीएस बसवला, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा. तेव्हापासून ओळखीचे स्टुडिओवाले आणि डीटीपीवाले एकच प्रश्न विचारतात, ‘बिल कमी आलं का गो?’ त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहिते.

माझं काम जत्रेतल्या नाटकांचं आणि भजनांचं व्हिडिओ एडिटिंग. मशीन साधंच आहे, रायझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड. आधीचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता. त्यावर वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला, पण कार्यक्षमतेचं कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं. तो काढण्यापूर्वी भिंतीच्या सॉकेटमध्ये वॅटमीटर लावून आकडे लिहून ठेवले आणि नवा बसवल्यावर त्याच कामांना पुन्हा घेतले. नुसतं टाइमलाइन उघडून बसलं की जुन्यावर 68 वॅटच्या आसपास खेचायचं, आता 60. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, लावलं की 262 च्या जागी 236.

हा फरक कुठून येतो ते समजून घ्यायला हवं. मशीनच्या आतल्या भागांना जेवढी वीज लागते तेवढी तेच घेतात, त्यात बदल नाही. भिंतीतून येणारा एसी करंट डीसी करताना एसएमपीएस स्वतःच काही वीज उष्णतेत घालवतो, ती गळती गोल्डमध्ये, म्हणजे कार्यक्षमतेचा गोल्ड दर्जा मिळालेल्या एसएमपीएसमध्ये, कमी होते. म्हणून 650 वॅटचा एसएमपीएस घेतला की मशीन 650 वॅट खायला लागेल, ही भीती निराधार आहे. तो आकडा जास्तीत जास्त देण्याच्या क्षमतेचा असतो.

आता पैशांचं बोलूया. दिवसाला तीन तास रेंडर, सात तास हलकं काम, वर्षाला 300 दिवस. या हिशेबाने 40 युनिट वाचतात. गोव्यात घरगुती दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो. सोपं जावं म्हणून युनिटला 5 रुपये धरा. वर्षाचे 200 रुपये झाले. एसएमपीएस मला आठ हजारांच्या आसपास पडला, म्हणजे नुसत्या बिलातून तो वसूल व्हायला 40 वर्षं लागतील. वॉरंटी सात वर्षांची आहे. गोल्डच्या खालच्या दर्जाच्या चांगल्या ब्राँझशी तुलना केली तर आकडा आणखी लहान होतो. माझ्या वापराला ब्राँझ आणि गोल्ड यांच्यात वर्षाला साधारण 14 युनिटचा, म्हणजे 70 रुपयांचा फरक निघतो. तेव्हा ‘गोल्ड घ्या, बिल वाचेल’ असं कोणी सांगत असेल तर माझ्यासारख्या एका मशीनच्या माणसाने ते मनावर घेऊ नये.

त्या गोल्डच्या शिक्क्यात एक मेख आहे. 80 प्लस ही प्रमाणपत्राची पद्धत 2004 मध्ये सुरू झाली, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड हे दर्जे 2008 मध्ये आले. नेहमीचा गोल्ड म्हणजे 115 व्होल्टवर 20 टक्के भाराला 87, 50 टक्क्यांना 90 आणि पूर्ण भाराला 87 टक्के कार्यक्षमता. आपल्या 230 व्होल्टवर आकडे थोडे वरच येतात, ते चांगलंच. पण 650 चे 20 टक्के म्हणजे 130 वॅट, आणि माझं मशीन दिवसातला बहुतेक वेळ त्याच्या निम्म्यावर असतं. तिथे काय होतं याबद्दल गोल्डचा शिक्का काहीच सांगत नाही, घरच्या मशीनच्या एसएमपीएसमध्ये 10 टक्क्यांची चाचणी फक्त वरच्या टायटॅनियम दर्जाला असते. एवढ्याच मशीनसाठी 1000 वॅटचा घेणं मला म्हणूनच पटत नाही. त्यात हलकं काम आणखी खालच्या टक्क्याला जाऊन पडतं.

मग पैसे कशासाठी मोजले? पहिलं कारण आपला पावसाळा. जूनमध्ये माडाची झावळी तारांवर पडली की लाईट क्षणभर जाते आणि येते, कधी नुसतीच मंद होते. यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्या फटीत जुना एसएमपीएस मशीन रीस्टार्ट करायचा. दोन तासांचं रेंडर पुन्हा पहिल्यापासून! चांगला एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागाच्या, जोरावर ती फट भरून काढतो. आरएम650ई बसवल्यापासून या पावसात एकदाही रेंडर तुटलं नाही. मला याची किंमत आठ हजारांहून जास्त आहे, कारण जत्रेचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी देवस्थानाला द्यायचा असतो.

यूपीएसबद्दल मात्र सांभाळून. अशा एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज नीट खेचणारं सर्किट, असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर देतो त्या विजेची चौकोनी लहर काहींना चालत नाही. शक्य असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस किंवा इन्व्हर्टर बघा. आणि पीएफसीमुळे घरचं बिल कमी होतं हेही खरं नाही. घरचा मीटर प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटचेच पैसे लावतो.

दुसरं कारण आवाज. हलक्या भाराला याचा पंखा फिरतच नाही. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाज थांबून नुसता तंबोरा उरतो, तिथली घरघर रेकॉर्डिंगमधली की मशीनची, हे हेडफोन काढूनही आता कळतं. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत रेंडर चालू असताना पंखा लागतो, पण कॅबिनेटच्या पंख्यांच्या वर त्याचा आवाज येत नाही. कपॅसिटर 105 अंश उष्णता सोसण्याच्या दर्जाचे आहेत. गोव्यातल्या उकाड्यात ही गोष्ट मी शिक्क्याच्या रंगाआधी बघेन. केबल सगळ्या सुट्या होतात, त्यामुळे लागतात तेवढ्याच जोडल्या आणि धूळ पुसायला जागा राहिली.

बिलच उतरवायचं असेल तर रात्री मशीन चालू ठेवणं बंद करा. काहीही न करता 60 वॅट, रोज दहा तास, वर्षातल्या 300 रात्री, झाले 180 युनिट. त्याच 5 रुपयांच्या दराने 900 रुपये. गोल्ड घेऊन वाचतात त्याच्या चौपटीहून जास्त, आणि त्यासाठी विंडोजमध्ये स्लीपची वेळ लावायला एक पैसाही पडत नाही. स्लीपमध्ये माझ्या मीटरवर दोन-तीन वॅटच दिसतात. मोठ्या फायली कॉपी करायला मशीन रात्रभर लागत असेल तर कॉपी संपल्यावर आपोआप बंद होईल अशी सोय करा, आणि मॉनिटरचं बटण विसरू नका.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, टायपिंग आणि बिलं करणाऱ्या मशीनला 450 वॅटचा चांगल्या कंपनीचा ब्राँझ भरपूर झाला, उरलेले पैसे एसएसडीत घाला. माझ्यासारखं कार्ड असेल आणि दिवसभर रेंडर चालत असेल तर हा 650 डोळे झाकून घ्यावा. घेताना दुकानाकडून पक्कं बिल मागून घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. सात वर्षांची वॉरंटी त्या कागदाशिवाय मागता येणं कठीण, आणि आपल्या दमट कपाटात थर्मल कागदावरची शाई टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.