एसव्हीटीमध्ये अडेनोसिन की वेरापामिल?

रात्रपाळीत एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणाऱ्या धावत्या लयीचा पेशंट येतो. नाडी 190, मॉनिटरवर अरुंद क्यूआरएस (ईसीजीवरची ठोक्याची टोकदार लाट), ठोके अगदी नियमित, बीपी ठीक, माणूस बोलतोय. नव्या रेसिडेंटसमोर दोन अँप्यूल असतात आणि प्रश्न एकच, कुठलं फोडायचं?

त्याआधी दोन गोष्टी. बीपी कोसळलंय, शुद्ध हरपतेय, छातीत दुखतंय किंवा फुफ्फुसात पाणी साचतंय, तर औषधांच्या तुलनेत पडायचंच नाही. सिंक्रोनाइज्ड शॉक, म्हणजे ठोक्याशी जुळवलेला विजेचा झटका द्यायचा. आणि पेशंट स्थिर असेल तर आधी सुधारित वल्साल्व्हा करून बघा: अर्धवट बसवून श्वास रोखून 15 सेकंद जोर लावायला सांगायचा, मग लगेच आडवं करून पाय वर उचलायचे. 2015 च्या रिव्हर्ट चाचणीत याने 43 टक्के लोकांची लय जागेवर आली, नेहमीच्या पद्धतीने 17 टक्के. फुकटचा उपाय आहे, पण घाईत तोच वगळला जातो.

आता औषधं. लय मोडण्याच्या, म्हणजे ही धावती लय थांबवण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही, दोन्हींनी दहापैकी नऊ पेशंट सुधारतात. त्यामुळे ‘जास्त गुणकारी कुठलं’ हा वादच फोल. निवड ठरते ती इंजेक्शननंतर काय होतं यावर, आणि पेशंटला आधीपासून काय आहे यावर.

अडेनोसिनचा अर्धायुकाल 10 सेकंदांहून कमी. हाच त्याचा मोठा गुण आणि हीच त्याची अडचण. त्रास झाला तरी तो मिनिटभरात ओसरतो. पण औषध हृदयापर्यंत पोचायच्या आत रक्तातच संपूही शकतं. मनगटावरच्या बारीक कॅन्युलातून 6 मिग्रॅ सावकाश सोडलं आणि ‘अडेनोसिन फेल’ असं केसपेपरवर लिहिलं, असं सर्रास होतं. कोपराच्या खळीतली मोठी व्हेन घ्या, 6 मिग्रॅ झटक्यात सोडा, पाठोपाठ 20 मिली सलाइनचा फ्लश आणि हात वर. एक-दोन मिनिटांत फरक नाही पडला तर 12 मिग्रॅ. ईसीजीची पट्टी पूर्ण वेळ चालू ठेवा. लय मोडली नाही तरी क्षणभर ठोके विरळ होतात आणि त्या फटीत फ्लटरच्या (वरच्या कप्प्यांच्या आणखी एका धावत्या लयीच्या) करवतीसारख्या लाटा दिसून निदान हाती लागतं. हा फायदा वेरापामिलमध्ये इतका स्वच्छ मिळत नाही. (अडेनोसिन फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक धरतात.)

पेशंटच्या बाजूने मात्र हा अनुभव वाईट असतो. चेहरा लाल होतो, छाती आवळते, मॉनिटरवर काही सेकंद सरळ रेष येते. अनेकांना ‘आता मी मरतो’ असंच वाटतं. म्हणून इंजेक्शनआधीच सांगायचं: ‘अर्धा मिनिट फार विचित्र वाटेल, मग आपोआप जाईल.’ न सांगता देणं हा मला शुद्ध निष्ठुरपणा वाटतो.

वेरापामिल याच्या उलट, शांत प्रकृतीचं. 2.5 ते 5 मिग्रॅ दोन मिनिटांत, वयस्कर माणसाला तीन मिनिटांत. लय मोडायला जास्त वेळ लागतो, पण असर टिकतो. अडेनोसिनने सुटलेली एसव्हीटी पाच मिनिटांत परत येत असेल तर इथे वेरापामिल सरस. धोका बीपी उतरण्याचा, आणि तो पटकन ओसरत नाही. हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा नुकतंच शिरेतून बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) दिलं असेल तर हात लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर नाहीच.

दम्याच्या पेशंटला, विशेषतः छातीत शिट्ट्या वाजत असतील तर, अडेनोसिन टाळून वेरापामिल घ्यावं. थिओफिलिन चालू असेल तर अडेनोसिनचा जोर पडत नाही, डायपिरिडॅमोल किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर उलट नको इतका पडतो. तेव्हा डोस कमी. हृदय प्रत्यारोपण झालेल्यालाही तसंच. गरोदरपणात मात्र अडेनोसिनच आधी.

रुंद क्यूआरएस दिसला की वेरापामिल विसरा. ती व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठलेली धावती लय निघाली तर बीपी तिथल्या तिथे कोसळेल. रुंद आणि अनियमित असेल तर दोन्ही नकोत: वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची जादा वाहिनी असलेल्या हृदयात एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) चालू असताना एव्ही नोड, म्हणजे दोन्ही कप्प्यांमधला नेहमीचा विजेचा दुवा अडवलात, तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनची (खालच्या कप्प्यांच्या जीवघेण्या थरथरीची) दारं उघडतात. अडेनोसिन स्वतःही कधीकधी एट्रियल फिब्रिलेशन सुरू करतं, म्हणून डिफिब्रिलेटर हाताशी हवाच.

एरवी माझी पहिली पसंती अडेनोसिन. दुसऱ्या डोसनेही जमलं नाही आणि बीपी, पंपिंग चांगलं असेल, तर वेरापामिलकडे वळायला हरकत नाही. तोवर अडेनोसिन शरीरात उरलेलंच नसतं. लय जागेवर आली की बारा लीडचा ईसीजी पुन्हा काढा आणि डेल्टा लाट, म्हणजे त्या जादा वाहिनीची खूण शोधा. ती सापडली तर घरी जाताना वेरापामिलच्या गोळ्या लिहून द्यायच्या नाहीत, पेशंटला इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे (हृदयाच्या विद्युतमार्गांच्या तज्ज्ञाकडे) पाठवायचं.