बाळाच्या तोंडातला थ्रश: जांभळं औषध की माउथ पेंट?

आमची लेक सव्वा महिन्याची असताना तोंडात पांढरं दिसायला लागलं. तो थ्रश निघाला, म्हणजे तोंडातला बुरशीचा संसर्ग. बायको माहेरीच होती, मी शनिवार-रविवार जायचो. आई फोनवर म्हणाली दुधाचा थर असेल, सासूबाई म्हणाल्या तोंड आलंय, टाकणखाराची लाही मधातून लावू. हे मात्र कुणीच करू नका हो, मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचासुद्धा नाही, बॉट्युलिझमची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेची भीती असते, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो एवढ्याशा जिवाच्या पोटात जायला नको.

ओळखायचं कसं, तर नुसती जीभ पांढरी असेल आणि ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसल्यावर निघत असेल तर बहुतेक दूधच. आमच्याकडे गालाच्या आतून आणि ओठामागे फुटलेल्या दुधासारखे ठिपके होते, निघता निघेनात, एका कडेला निघालं तिथे खाली लालभडक. खरवडत बसू नका, रक्त येतं. लंगोटाच्या जागी लाल चट्टा आणि आजूबाजूला बारीक पुरळ असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, कारण बऱ्याचदा ती तीच बुरशी असते.

तिथल्या डॉक्टरांनी जेन्शन व्हायोलेट दिलं, आपलं जुनं जांभळं औषध. स्वस्त आहे, गुण येतो, आमच्या आधीची पिढी त्यावरच बरी झाली. पण ते पातळ लागतं, पाव टक्क्याचं, कारण कडक असेल तर तोंडात जखमा होतात. कपड्यांना, उशीला, बायकोच्या गाऊनला डाग पडले, ते मी एक वेळ चालवून घेतलं असतं. मला नाही चाललं ते वेगळंच. एकदा लावलं की आतलं सगळं जांभळं, मग पांढरं कमी झालंय की वाढलंय काही कळतच नाही! मी मोबाईलचा टॉर्च लावून बघायचो, ती रडायची, आणि मला नुसता रंग दिसायचा, उतरतोय तोवर पुढचं लावायची वेळ. तीन दिवस आम्ही अंदाजानेच चाललो होतो, आणि ती दूध पिताना मधेच सोडून रडायची त्याने जीव अर्धा व्हायचा.

मग शहरातल्या बालरोगतज्ञांनी क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाचा माउथ पेंट, म्हणजे तोंडात लावायचं पातळ औषध दिलं. रंग नाही, दूध पाजून झालं की स्वच्छ बोटाला गॉज गुंडाळून थोडंसं गालाच्या आतून लावायचं, घशाकडे न्यायचं नाही. त्रास यातही आहे, दिवसातून तीन-चार वेळा लावायचं, ती जिभेने ढकलायची, शिवाय पांढरं गेलं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालूच ठेवायचं, आणि तिथेच माणूस कंटाळतो. पण रोज डोळ्यांनी फरक दिसत होता, चौथ्या दिवशी गाल आतून गुलाबी.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, जांभळं तीन दिवस आधी लागलं होतं, त्याचाही वाटा असेल. तुमच्या डॉक्टरांनी विचार करून तेच दिलं असेल तर मी नको म्हणणार नाही. तरी २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कॅन्सरच्या शक्यतेवरून त्याबद्दल सावध केलंय, आणि दुसरं सहज मिळत असताना मी परत तिकडे जाणार नाही. मायकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाची जेल कुणी सुचवली तर वय नक्की सांगा, चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या घशात ती अडकू शकते.

औषध कुठलंही घ्या, आईलाही दाखवा. बायकोची स्तनाग्रं चुरचुरत होती, ती बिचारी दूध पाजण्यामुळेच होतंय समजून गप्प बसली होती. डॉक्टरांनी तिलाही क्रीम दिलं, पाजायच्या आधी पुसून घ्यायचं, पाजणं बंद नाही करायचं. बाळाला ताप असेल किंवा ते दूधच घेत नसेल तर मात्र औषधांची तुलना करत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.