हिमोलिम्फमधून ईव्ही काढायला तयार एसईसी कॉलम कितपत कामाचा?

कीटकांच्या हिमोलिम्फमधून, म्हणजे त्यांच्या रक्तातून, पेशीबाह्य पुटिका (पेशींनी बाहेर सोडलेल्या पटलाच्या बारीक पिशव्या, लॅबच्या भाषेत ईव्ही) काढायच्या तर विकत तीन प्रकारची सामग्री मिळते. एक, आकारमानानुसार कण वेगळे करणारे तयार एसईसी कॉलम. दोन, पॉलिमर घालून साका खाली बसवणारे किट. तीन, अँटिबॉडी लावलेले चुंबकी मणी. तिन्हींची माहितीपत्रकं बहुतेक माणसाच्या प्लाझ्मावर आणि पेशीसंवर्धनाच्या माध्यमावर बेतलेली असतात. हिमोलिम्फ या दोन्हींपेक्षा वेगळा द्रव आहे, म्हणून इथे कॉलमची पारख एकाच प्रश्नावर करायची: लिपोफोरिन नेमकं कुठे उतरतं?

लिपोफोरिन हा कीटकांच्या रक्तात मेद वाहून नेणारा कण. त्याच्या दाट प्रकाराचा व्यास साधारण १५ नॅनोमीटर आणि घनता १.११ ग्रॅम प्रति मिलीच्या आसपास. घनतेनुसार कण वेगळे करणाऱ्या आयोडिक्सॅनॉलच्या ग्रेडियंटवर ईव्हीसुद्धा त्याच पट्ट्यात तरंगतात. त्यामुळे अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि ग्रेडियंट कितीही मन लावून केलं तरी लिपोफोरिन पाठ सोडत नाही. आकारमानात मात्र फरक चांगला आहे, एक्सोसोम, म्हणजे ईव्हीतला छोटा प्रकार, ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात. हिमोलिम्फसाठी कॉलमच का घ्यायचा, याचं उत्तर एवढंच.

कॉलम साधारण दोन छिद्रांचे मिळतात, ७० आणि ३५ नॅनोमीटर. छोट्या पुटिका निसटू नयेत म्हणून ३५चा घेण्याचा मोह होतो. हिमोलिम्फसाठी ७०च घ्या. छिद्र मोठं असलं की लिपोफोरिन जेलच्या मण्यांत खोलवर शिरतं आणि उशिरा बाहेर पडतं. ३५च्या कॉलममध्ये ते पुढे सरकतं आणि ईव्हीच्या शेपटीत मिसळतं. प्रौढ टोळ किंवा पतंग असेल तर आणखी सांभाळून, कारण उड्डाणाच्या वेळी लिपोफोरिन मेद भरून फुगतं. ७०च्या कॉलममध्ये सगळ्यात लहान पुटिकांचा काही हिस्सा हातचा जातो हे खरं. तो जाऊ द्यावा. मिसळलेलं लिपोफोरिन नंतर काढणं त्यापेक्षा कितीतरी अवघड.

१० मिली जेल भरलेल्या कॉलमवर ०.५ मिली सँपल चढवतात. पहिले ३ मिली टाकून द्यायचे, पुढच्या दीड मिलीत ईव्ही, आणि त्यानंतर प्रथिनांचा लोंढा. हे आकडे सुरुवातीपुरते धरायचे. प्रत्येक किडीसाठी एकदा तरी ०.५ मिलीचे वीस फ्रॅक्शन गोळा करून प्रत्येकातले कण आणि प्रथिन मोजा आणि आपली हद्द आपण आखा. तंबाखूच्या शिंगवाल्या अळीत, म्हणजे मँड्युका सेक्स्टात, ही हद्द डोळ्यांना दिसते. पानांवर वाढलेल्या अळीचं रक्त हिरवं असतं, पण तो हिरवा दोन रंगांचा मिळून झालेला: लिपोफोरिनमधल्या कॅरोटिनॉइडचा पिवळा आणि इन्सेक्टिसायनिन या प्रथिनाचा निळा. कॉलममधून उतरताना पिवळा किंचित पुढे राहतो, निळा मागे पडतो. नळीत पडणाऱ्या थेंबाला पिवळसर झाक आली की तिथेच थांबायचं. कृत्रिम खाद्यावर वाढलेली अळी निळसर असते, तिच्या बाबतीत ही खूण चालत नाही.

कॉलमबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ कॉलममध्ये नसतं, सँपलमध्ये असतं. हिमोलिम्फ हवेत आलं की फिनॉलऑक्सिडेज हे विकर जागं होतं आणि काही मिनिटांत द्रव तपकिरी, मग काळा पडतो. असं सँपल चढवलं की मेलॅनिन वरच्या जाळीवर बसतं, प्रवाह मंदावतो आणि कॉलम वाया जातो. उपाय आधीच करायचा: बर्फावर ठेवलेल्या नळीत फिनाइलथायोयुरियाचे दोन-चार स्फटिक (हे अतिशय विषारी आहे, हातमोजे आणि फ्यूमहूड हवेच), किंवा गोठणरोधक बफर. गॅलेरियासाठी (मेणपतंगाच्या अळीसाठी) रुळलेला बफर असा: सोडियम हायड्रॉक्साइड ९८, सोडियम क्लोराइड १८६, ईडीटीए १७ आणि सायट्रिक आम्ल ४१ मिलीमोलर, पीएच ४.५. रंग थांबवायला ६० अंशांवर तापवण्याची युक्ती पेशीसंवर्धनात चालते, इथे चालत नाही. प्रथिनं साखळतात आणि पुटिका त्यात अडकतात.

ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, याचा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. हिमोलिम्फमधलं मोकळं कॅल्शियम कॉलमच्या बफरमधल्या (पीबीएसमधल्या) फॉस्फेटला भेटलं की बारीक कण तयार होतात, आणि एनटीएवर, म्हणजे कणांची संख्या आणि आकार मोजणाऱ्या यंत्रावर, ते हुबेहूब ईव्हीसारखे दिसतात. संख्या अचानक भरघोस आली तर आनंद मानण्याआधी थोड्या सँपलमध्ये ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट टाकून पाहा, अर्धा ते एक टक्का. खऱ्या पुटिका फुटतात, खनिजाचे कण तसेच राहतात.

रक्त काढताना अळी पिळायची नाही. पाठीमागच्या खोट्या पायाला बारीक छेद द्यायचा आणि आपोआप येईल तेवढंच घ्यायचं. दाबलं की फॅट बॉडी, म्हणजे मेद साठवणारा अवयव, फाटते, द्रव दुधाळ होतो, आणि मेदाचे ते थेंब पुढे प्रत्येक मोजणीत ईव्ही म्हणून मिरवतात. आतड्याला धक्का लागला तर ते सँपल सरळ फेकून द्या. मग ४ अंशांवर तीन स्पिन: ५०० जीला १० मिनिटं, २,००० जीला २० मिनिटं, १०,००० जीला ३० मिनिटं. पहिला स्पिन हळूच असू द्या, हिमोसाइट, म्हणजे रक्तपेशी, फुटले की त्यांच्या पटलाचे तुकडे शेवटपर्यंत सोबत येतात.

प्रमाणाचा हिशोब आधी करावा. तिसऱ्या अवस्थेतल्या ड्रोसोफिलाच्या एका अळीतून जेमतेम १ मायक्रोलिटर मिळतं, म्हणजे १५० मायक्रोलिटर सँपल घेणाऱ्या छोट्या कॉलमलाही दीडेकशे अळ्या लागतात. गॅलेरियाच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळीतून २० ते ५० मायक्रोलिटर येतं, मँड्युकात काम सोपं. सँपल कमी पडलं म्हणून मोठ्या कॉलमवर थेंबभर द्रव चढवलात तर ईव्ही एवढे पातळ होतात की पुढे काहीच दिसत नाही. कॉलमनंतर सांद्र करायला १० केडीएचा (किलोडाल्टन, रेणूच्या वजनाचं एकक) रिजनरेटेड सेल्युलोजचा फिल्टर बरा, इतर पडद्यांना पुटिका जास्त चिकटतात.

आता बाकीच्या दोघांबद्दल. पॉलिमरचं किट म्हणजे मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ते ईव्ही बसवतं, तसंच लिपोफोरिन आणि हेक्झामेरिन हे साठ्याचं प्रथिनही बसवतं. तळाशी येणारा साका मधासारखा चिकट असतो, पिपेटला धड सुटत नाही. त्यातून काढलेला आरएनए पुटिकेतला की लिपोफोरिनवर बसलेला, हे कळायला मार्ग नाही. आणि चुंबकी मणी? त्यांच्यावर माणसाच्या सीडी९, सीडी६३, सीडी८१ या पुटिकांच्या पटलावरच्या प्रथिनांच्या (टेट्रास्पॅनिनच्या) अँटिबॉडी असतात. कीटकांना टेट्रास्पॅनिन आहेत, एडिस डासातलं टीएसपी२९एफबी हे सीडी६३चं जुळं मानलं जातं, पण म्हणून माणसासाठीची अँटिबॉडी त्याला धरेलच असं नाही. सहसा धरत नाही. कीटकासाठी हे मणी विकत घेऊ नयेत.

शुद्धता तपासताना एकट्या एनटीएवर विसंबू नका. १५ नॅनोमीटरचं लिपोफोरिन त्या यंत्राला दिसतच नाही, त्यामुळे अशुद्ध सँपलचा आलेखही सुंदर येतो. कणसंख्येला प्रथिनाने भागा: एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे ३×१०^१० किंवा जास्त कण म्हणजे उत्तम. हा ठोकताळा सस्तन प्राण्यांच्या कामातून आलेला आहे, तरी दिशा दाखवतो. शिवाय कुमासी जेल लावा, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून रंगवा. २३० ते २५० केडीए आणि ७५ ते ८० केडीए अशी ठळक जोडी दिसली तर ते लिपोफोरिनचे दोन घटक, म्हणजे फ्रॅक्शन उशिरापर्यंत घेतलेत. खालच्या पट्टीजवळच हेक्झामेरिनही येतं, म्हणून निर्णय वरच्या पट्टीवरून करा.

किमतीमुळे कॉलम घरी भरायचा विचार बरेच जण करतात, आणि तो चुकीचा नाही. सेफरोज सीएल-२बी हा जेल दहा मिलीच्या सिरिंजमध्ये भरला तर तयार कॉलमच्या तोडीचं काम होतं, फक्त जेलमधली हवा आधी काढून टाकायची आणि वरचा भाग क्षणभरही कोरडा पडू द्यायचा नाही. कॉलमची पारख करताना ब्लू डेक्स्ट्रान हा निळा रंगीत रेणू वापरू नका. २,००० केडीएचा तो रेणू या जेलच्या छिद्रांत शिरतो, आणि त्याच्यावर आखलेली हद्द उशिराची निघते. तयार कॉलमचे पैसे वसूल होतात ते दर वेळी तेच आकडे मिळण्यात.

कॉलम परत वापरायचा असेल तर अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा, मग पीएच पूर्ववत होईपर्यंत गाळलेलं पीबीएस सोडा आणि सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवा. आरएनएचं काम असेल तर मात्र प्रत्येक किडीला नवा कॉलम. आणि वरची जाळी तपकिरी झालेला कॉलम कितीही धुतला तरी पुन्हा पहिल्यासारखा वाहत नाही.