परसातली तंबाखू : ऊन, सावली की भट्टी?

तंबाखूचं पान उन्हात टाकलं की वाळतं, पण त्याची तंबाखू होत नाही. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. हौसेनं पंचवीस-तीस झाडं लावली होती. पानं तोडली, गच्चीवर पसरली आणि चार दिवसांत ती पापडासारखी कुरकुरीत झाली. रंग मात्र हिरवाच राहिला. आमच्या आत्याचा हात मशेरीत मुरलेला. तिनं चिमूटभर तोंडात टाकली, लगेच थुंकली आणि म्हणाली, "शेपू वाळवलास काय रं?"

चूक साधी होती. तोडलेलं पान लगेच मरत नाही. त्यात पाणी असेपर्यंत आतलं काम सुरू असतं. पिठूळ भागाची साखर होते, हिरवा रंग मोडतो आणि पिवळा वर येतो. पाणी त्याआधीच उडालं तर हे सगळं जिथल्या तिथं थांबतं आणि हिरवेपणा कायमचा बसतो. म्हणजे पान आधी पिवळं पडलं पाहिजे, मग वाळलं पाहिजे. ऊन, सावली, भट्टी या तिन्ही वाटा इथवर सारख्याच आहेत. पानाला किती दिवस जिवंत ठेवायचं आणि कसं मारायचं, एवढाच त्यांच्यात फरक. म्हणून घरी तंबाखू करू पाहणाऱ्यानं बियाणं शोधण्याआधी आपल्या घराभोवतीची हवा ओळखावी.

लागवडीत निवडीला फारसा वाव नाही. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. ते मातीखाली गाडायचं नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फेकायचं आणि झारीनं हलकं पाणी द्यायचं. दीड-दोन महिन्यांत रोप वीतभर होतं. आमच्याकडे निपाणी-कागल पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावण होते. 90 बाय 60 सेंटीमीटरवर लावलं तर एका गुंठ्यात साधारण 185 झाडं बसतात. घरच्या एका माणसाला एवढी डोक्यावरून पाणी. वीस झाडं पुष्कळ झाली. कळी दिसली की शेंडा खुडायचा आणि नंतर बगलेत येणारे फुटवे दर आठवड्याला काढायचे. फुटवे काढायचा कंटाळा केला की पान पातळ आणि निःसत्त्व राहतं. मुळाशी बिनपानाचं, पिवळट-जांभळ्या फुलांचं काही उगवलेलं दिसलं तर तो बंबाखू. तो तंबाखूच्या मुळावरच जगतो, त्यामुळे बी धरायच्या आत उपटून जाळावा.

आता खरी निवड.

ऊन. निपाणीची विडीची तंबाखू उन्हातच तयार होते. मग मी केलं ते का फसलं? कारण मी सुटी पानं तोडली होती. शेतकरी पानांवर विटकरी ठिपके उठेपर्यंत थांबतो आणि मग अख्खं झाड बुंध्यापासून कापतो. बुंध्यात ओल असते, ती पानाला पुरत राहते, त्यामुळे ऊन असूनही पान एकदम सुकत नाही. कापलेली झाडं जमिनीवरच पडू देतात, उलटतात, रात्रीचं दव खाऊ देतात. दिवसा कोरडं, पहाटे मऊ, पुन्हा कोरडं असं होत पान हळूहळू तांबूस होतं. डिसेंबर-जानेवारीतलं आमच्याकडचं हवामान या कामाला जणू बेतून दिलेलं आहे : दिवसा कडक कोरडं ऊन, पहाटे दव, पावसाची भीती कमी. एखादी अवकाळी सर आली तर मात्र सगळं काळं पडतं. खळ्यावर पसरलेली झाडं ताडपत्रीखाली ओढताना घरातला एकही माणूस झोपलेला राहत नाही, हे लहानपणापासून पाहत आलोय.

परसात करायचं तर एक भर घालावी. कापलेली झाडं सावलीत ढीग करून वर गोणपाट टाकून दोन दिवस ठेवायची. रोज हात घालून बघायचं. आत उकाडा वाटला तर ढीग उलटायचा, नाहीतर पानं शिजतात. पिवळेपणा दिसला की मग ऊन द्यायचं. पुढच्या वर्षी मी हेच केलं आणि आत्यानं थुंकली नाही. तिची शाबासकी एवढीच असते.

सावली. अमेरिकेतल्या केंटकी भागात बर्ली जातीची तंबाखू अशी करतात. अख्खी झाडं उलटी टांगून, वारा खेळेल अशा कोठारात, चार ते आठ आठवडे. पान इतका वेळ जिवंत राहतं की साखर जवळजवळ सगळी संपते. रंग तपकिरी होतो आणि चव कोरडी, कडक लागते. ही वाट सगळ्यात स्वस्त : पडवी, दोरी आणि धीर. जळण नाही, उलटापालट नाही, पावसाची धास्ती नाही.

पण हिला दमट हवा लागते, साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता. पुण्या-सोलापूरकडे जानेवारीच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की सावलीतलंही पान हिरवं सुकतं. तिथं टांगलेल्या झाडांभोवती ओली गोणपाटं लावावी लागतात, म्हणजे रोजचं काम वाढलं. उलट कोकणात, गोव्यात, कौलारू घराच्या पडवीत हिवाळ्यातली हवा या कामाला बरी. तिथं धोका दुसऱ्या बाजूनं येतो. झाडं दाटीनं टांगली की बुरशी धरते. दोन झाडांमध्ये हात सहज फिरावा एवढं अंतर ठेवावं. बुरशी लागलेलं पान पुसून, वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, फेकून द्यावं.

भट्टी. सिगारेटची पिवळी, गोडसर व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठारात, धूर आत येऊ न देता, नळातून उष्णता खेळवून तयार होते. 1839 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मळ्यावर स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाकडून रात्री आग विझत आली होती. घाईनं त्यानं कोळसा टाकला, उष्णता एकदम वाढली आणि पानं झळझळीत पिवळी निघाली, अशी या पद्धतीच्या जन्माची गोष्ट सांगतात. तत्त्व सोपं आहे. पहिले दीड-दोन दिवस 35 ते 40 अंशांवर पान पिवळं होऊ द्यायचं, मग पायरीपायरीनं उष्णता चढवत शेवटी 70 अंशांच्या आसपास मधली शीर वाळवायची. पान साखर खाऊन संपवण्याआधीच मारलं जातं, म्हणून गोडवा टिकतो. पाच ते सात दिवसांत काम संपतं.

वेळेत भट्टी सरळ जिंकते, बाकी सगळ्यात हरते. पाचसहा दिवस, रात्र धरून, पाच-दहा अंशांची चूकही न करता उष्णता सांभाळायची. जुना फ्रीज आणि बल्ब घेऊन छोटी पेटी बनवणारे हौशी लोक आहेत; वीस झाडांसाठी तो खटाटोप मला पटत नाही. त्यात व्हर्जिनियाची पानं एकदम पिकत नाहीत. खालून वर, दर आठवड्याला दोन-तीन तोडायची, म्हणजे भट्टीही पुन्हा पुन्हा पेटवायची. शिवाय कायदा आहे. आपल्या देशात व्हर्जिनिया लावायची तर 1975 च्या कायद्यानुसार तंबाखू मंडळाकडे नोंदणी लागते, मंडळाचं मुख्यालय गुंटूरला. विडीच्या किंवा खायच्या तंबाखूला ही नोंदणी लागत नाही. परसासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

चौथी वाट धुराची. तमिळनाडूत खायच्या तंबाखूच्या काही जाती धुरावर धरतात आणि खड्ड्यात मुरवतात. वासाला जबरदस्त, पण धुरातली काजळी पानावर बसते आणि ती खाण्याची गोष्ट नव्हे. घरी करू नये, इतकंच म्हणतो.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी हाताळण्याची वेळ एकच : पहाट. वाळलेलं पान दुपारी हातात घेतलं की चुरा होतो. दवानं मऊ पडलं की हवं तसं दुमडतं. मात्र साठवण्याआधी मधली शीर मोडून बघावी. ती कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि गठ्ठ्यात बुरशी धरणार. नव्या पानाला झोंबणारा, अमोनियासारखा वास येतो. तो जायला काही महिने बांधून ठेवावं लागतं. सिगारवाले पानांचे मोठे ढीग रचून ती आंबवतात, ते वाचून घरी करू जाऊ नका. ढीग आपल्याच उबेनं तापायला पुष्कळ माल लागतो. दोन-तीन किलोंचा ढीग थंडच राहतो.

दोन गोष्टी वाटेबद्दलच्या नाहीत, पण ठरवताना मोजायला हव्यात. एक, ओल्या पानांत उघड्या हातानं काम केलं की निकोटीन कातडीतून आत जातं. मळमळ, उलटी, चक्कर. सकाळी दवात फुटवे काढताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि पोरांना वाफ्यात पाठवू नये. दुसरी, शेजारी टोमॅटो, मिरची, वांगी नकोत. तंबाखूवरच्या केवडा (मोझॅक) रोगाचा विषाणू हातांवरून, कात्रीवरून त्यांच्याकडे जातो. तो वाळलेल्या पानातही टिकतो, म्हणजे तंबाखू मळून त्याच हातानं टोमॅटो बांधणारा माणूससुद्धा रोग पसरवू शकतो.

आणि "घरची आहे, औषध मारलं नाही, म्हणजे बाधत नाही" हे माझ्याच घरात ऐकलंय. निकोटीन झाड स्वतः बनवतं आणि कर्करोग आणणारे काही घटक वाळवताना-मुरवताना पानातच तयार होतात. परसातलं पान त्याला अपवाद नाही. सवय सोडायची असेल तर घरी तंबाखू लावणं हा तिचा मार्ग नव्हे; मी लावली तेव्हा माझी उलट वाढली होती. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकाला तर एवढंच : तिथं परवान्याशिवाय एक झाडही लावणं गुन्हा आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नाही.

बाकीच्यांनी असं ठरवावं. देशावर, कोरड्या हवेत असाल आणि अंगण असेल तर अख्खं झाड कापून, दोन दिवस ढिगात ठेवून, मग ऊन. किनाऱ्याजवळ असाल किंवा दिवसभर घरी कुणी नसेल तर पडवी आणि दोरी. फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्या असतील तर वाळवण्याचा विचार सोडा आणि फुलं बघा. संध्याकाळी गुलाबी फुलांचा तुरा छान दिसतो. त्यातलंच एक झाड न खुडता ठेवून तुऱ्यावर मलमलची पिशवी बांधली की पुढच्या साऱ्या गल्लीला पुरेल एवढं बी मिळतं.