ऑल व्हाइट इंटिरियर करताय? मग प्लायचा टेम्पो परत कुठे जातो ते बघा

ठाण्यात कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा या पट्ट्यात सध्या ज्यांना ज्यांना फ्लॅटच्या चाव्या मिळतायत त्यांनी हे पूर्ण वाचा, खासकरून ज्यांच्या डोक्यात ते पिंटरेस्टवालं पांढरंशुभ्र, हॅण्डल नसलेलं, भिंतीत गुडूप होणारं मिनिमल इंटिरियर आहे. माझ्या डोक्यात तेच होतं. सासूबाई एकच म्हणाल्या, अगं हळदीचा हात लागला तर काय करशील? सगळं घर त्या हळदीवर चर्चा करत बसलं आणि खरा डाव भलतीकडेच चालू होता.

इंटिरियरवाला ठाण्यातलाच, मराठी माणूस, बोलायला गोड. "ताई, आपल्याच घरासारखं करून देतो." कोटेशन नऊ लाखांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं, किचन आणि बेसिनखालच्या कपाटाला आयएस ७१० मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं), वॉर्डरोब आणि टीव्ही युनिटला आयएस ३०३ (साधारण वापराचं प्लाय), आतून-बाहेरून पांढरं लॅमिनेट, कडांना पांढरं एज बँडिंग, कुठेही लाकूड दिसणार नाही. हे "कुठेही दिसणार नाही" त्याने फीचर म्हणून विकलं आणि आम्हीही खूश, कारण डिझाइनच तसं हवं होतं. ना उघडी कड, ना बीडिंग, ना एखादा लाकडी कप्पा. म्हणजे आत काय घातलंय ते बघायला जागाच नाही.

पेमेंटचा मोठा हप्ता "मटेरियल साइटवर आल्यावर" असा होता. टेम्पो आला, शीट्स हॉलमध्ये रचल्या, प्रत्येकीवर आयएसआय मार्क, खाली आयएस:७१० आणि सीएम/एल नंबर (म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर), सगळं ओरिजिनल. नवऱ्याने फोटो काढले, त्याच दिवशी पैसे ट्रान्सफर. नंतर दोन-तीन दिवसांत इंटिरियरवाला म्हणतो, ताई इथे सुतारकामाची धूळ होईल, सोसायटीवाले आवाजाची कटकट करतात, आपण भिवंडीला फॅक्टरीत मशीनवर कटिंग करू, फिनिशिंग एकदम परफेक्ट येतं. ऐकायला बरोबरच वाटतं ना, आणि खोटं पण नाही, फॅक्टरी कटिंग खरंच चांगलं होतं. शीट्स गेल्या. परत आले ते तयार डबे, सगळीकडून पांढरे, सीलबंद. आमचं प्लाय बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी हॉलमध्ये फोटोला उभं राहिलं असेल.

कळलं ते आरओवाल्यामुळे. सिंकखालच्या कपाटात पाइप न्यायला त्याने ड्रिल मारलं. प्लायला भोक पाडलं की चपट्या साली, धागेधागे निघतात. इथे मारी बिस्किटाचा चुरा पडावा तसा कोरडा भुसा खाली पडत होता. तो म्हणाला, "मॅडम, ये प्लाय नहीं है, पार्टिकल बोर्ड है." मोबाइलचा टॉर्च मारून भोकात बघितलं तर थर असे नाहीतच, नुसत्या चिकटवलेल्या चिपा. मग बेडरूमच्या वॉर्डरोबचं दार खोललं, बिजागरीचे स्क्रू काढले, आत तेच. पार्टिकल बोर्ड आणि मरीन प्लाय यांच्या रेटमध्ये दुपटीहून जास्त फरक असतो, आणि सिंकखाली जरा गळती झाली की पार्टिकल बोर्ड फुगतो, तो परत बसत नाही.

एक सांगते, शटर म्हणजे दार एमडीएफ किंवा एचडीएचएमआरचं (दोन्ही लाकडाचा भुगा दाबून केलेले बोर्ड) निघालं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, गुळगुळीत पांढऱ्या फिनिशसाठी ते मुद्दाम वापरतात, कोटेशनमध्ये तसं लिहिलेलं असलं म्हणजे झालं. बघायचा असतो तो आतला डबा, म्हणजे कारकस. बिजागरीची पट्टी डब्याला जिथे बसते तिथला एक स्क्रू काढा किंवा शेल्फच्या पिना काढून भोकात बघा, घरात कुणालाही जमेल.

फोन केला तर आधी म्हणाला ते एचडीएचएमआर आहे, प्लायपेक्षा भारी असतं. मग म्हणाला फॅक्टरीवाल्याची चूक. मग फोन उचलणं बंद. जीएसटी पोर्टलवर त्याच्या कोटेशनवरचा नंबर टाकला तर तो कपड्याच्या होलसेलवाल्याचा निघाला! म्हणजे १८ टक्के पण खिशात.

आम्हाला वाचवलं (थोडंफार तरी) ते गेटवरच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरने. मटेरियल आत आलं त्याची नोंद आणि त्याच शीट्स बाहेर गेल्याची गेटपाससकट नोंद, टेम्पोच्या नंबरासह. सोसायटीने सही-शिक्क्याची कॉपी दिली. तुमचं काम चालू असेल तर आजच त्या रजिस्टरचा फोटो काढून ठेवा. आणि शीट्स आल्या की प्रत्येकीवर मार्करने सही करा, कटिंगनंतरचे उरलेले तुकडे परत मागा, त्यावर तुमची सही दिसली पाहिजे. डीलरचं बिल तुमच्या नावावर घ्या. सीएम/एल नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं अ‍ॅप) टाकला की लायसन्स कुणाचं ते दिसतं. आणि तो मोठा हप्ता डबे लागल्यावर, एक-दोन स्क्रू काढून बघितल्यावरच द्या, आधी नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नोटीस पाठवली, उत्तर नाही. मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी फक्त २०० रुपये आहे, मुदत दोन वर्षं, त्यामुळे "कोर्टाची भानगड नको" म्हणून सोडून देऊ नका. सिंकखालचा एक डबा आम्ही गावदेवीजवळच्या सुतारकाकांकडून डोळ्यांदेखत ७१० मध्ये करून घेतला, काढलेला डबा बाल्कनीत ठेवलाय. बाकीच्यांना हात लावू नका, पुरावा आहे, असं वकिलांनी सांगितलंय, त्यामुळे निकाल लागेपर्यंत कपडे त्याच भुशात ठेवतोय.